ताटातले मांस : किती, कुणाच्या वाट्याला, कशासोबत

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. घर सोडून आलेली हजारो मुले-मुली या परिसरात खोली करून किंवा वसतिगृहात राहतात आणि मेसच्या डब्यावर दिवस काढतात. शरीर कमावण्याची आणि प्रोटीन मोजण्याची हौस याच वयात येते. तिला खतपाणी घालणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर अमेरिकेतून येतात आणि त्यांत बायसनच्या मांसाचे कौतुक असते. चरबी कमी, लोह भरपूर, जनावर गवतावर वाढलेले, म्हणून हे मांस आरोग्याचे, असा त्या कौतुकाचा सूर असतो. नांदेडच्या बाजारात बायसन मिळत नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही. तरीही त्यामागचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला थेट लागू पडतो : मटणाला आरोग्याचे अन्न म्हणावे का? म्हणायचे असेल तर किती, कुणासाठी आणि कसे शिजवलेले?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणते, मटणाशिवाय ताकद नाही. आजाऱ्याला पाया, पैलवानाला खिमा आणि पाहुण्याला रस्सा हवाच. दुसरे म्हणते, लाल मांस म्हणजे हृदयविकार आणि कर्करोगाला आमंत्रण. भाजी-भाकरी सोडून त्याच्या वाटेला जाऊच नये. दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत. ते नीट तोलल्याशिवाय घरातल्या बाईला, मेस चालवणाऱ्याला आणि शाळेच्या पोषण आहाराचा निर्णय घेणाऱ्याला उपयोगी पडेल असे उत्तर सापडणार नाही.

आधी बायसनचे पाहू. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर एके काळी काही कोटी बायसन होते. एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी, मांसासाठी आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे अन्न तोडण्यासाठी त्यांची इतकी कत्तल झाली, की शतकाच्या अखेरीस हजारभरही उरले नाहीत. आज ते पुन्हा काही लाखांवर गेले आहेत, पण त्यांतले बहुतेक खासगी कुरणांत मांसासाठीच पाळलेले आहेत. २०१६ साली अमेरिकेने बायसनला राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मान दिला. आपल्याकडे ज्याला काही लोक बायसन म्हणतात तो गवा वेगळा प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे आणि त्याची शिकार केल्यास किमान तीन वर्षांची कैद आहे. राधानगरीचे अभयारण्य १९५८ पासून त्याच्यासाठीच ओळखले जाते. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा माणसांच्या पाठलागाने मेला, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. गव्याचे मांस हा आपल्याकडे चर्चेचाही विषय नाही, आणि तसाच तो राहावा.

मग आपल्या ताटात बायसनच्या जागी काय येते? अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते उघडले तर उत्तर शेजारच्या गोठ्यातच सापडते. चरबी काढून भाजलेल्या बायसनच्या १०० ग्रॅम मांसात १४३ कॅलरी, सुमारे २८ ग्रॅम प्रथिने आणि अडीच ग्रॅमच्या आसपास चरबी असते. तसेच भाजलेले शेळीचे मांस घेतले तर कॅलरी १४३, प्रथिने सुमारे २७ ग्रॅम, चरबी तीन ग्रॅम. लोह बायसनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम आणि शेळीत सुमारे ३.७ मिलिग्रॅम. म्हणजे ज्या गुणांसाठी बायसनचा गाजावाजा होतो ते सगळे गुण मराठवाड्याच्या काळ्या शेळीत आहेत.

ही शेळी म्हणजे उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मूळ मुलूख. रंगाने बहुतेक काळी, अंगाने काटक. पाऊस दगा देतो त्या वर्षीही बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर तग धरणारी. जुळी करडे देणे हा तिचा गुण सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळात बैल विकावा लागतो, म्हैस विकावी लागते, पण चार शेळ्या दावणीला राहतात. भूमिहीन घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून जे चार पैसे येतात, ते बहुधा करडू किंवा बोकड विकूनच येतात. दहा शेळ्या आणि एक बोकड देणारी राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची योजना याच जाणिवेतून उभी राहिली. म्हणून या जिल्ह्यांत मटणाचा प्रश्न हा खाणाऱ्याच्या तब्येतीइतकाच पाळणाऱ्याच्या पोटाचाही प्रश्न आहे.

म्हशीच्या मांसाचा उल्लेख टाळून हा हिशेब पुरा होत नाही. त्याच तक्त्यांत भाजलेल्या म्हशीच्या मांसाच्या १०० ग्रॅममध्ये १३१ कॅलरी आणि दोन ग्रॅमपेक्षा कमी चरबी दिसते. बायसनपेक्षाही ते कमी चरबीचे आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने बंदी आली आणि मार्च २०१५ पासून बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हैस त्या बंदीत नाही. मराठवाड्यातल्या अनेक गरीब मुस्लिम आणि दलित घरांत स्वस्त प्रथिनांचा मोठा आधार हाच होता आणि काही प्रमाणात आजही आहे. धाराशिवकडचे लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांची खाद्यपरंपरा नोंदवली आहे. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवायच्या आणि टंचाईच्या दिवसांत त्या चान्यांवर भागवायचे, ही त्या परंपरेतली रीत. चरबी नसलेले मांस वाळवून टिकवण्याची हीच युक्ती अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांनी बायसनसाठी वापरली होती. ज्यांच्या पूर्वजांना हे ज्ञान होते त्यांना त्यांच्या ताटाबद्दल खाली पाहायला लावणे अन्यायाचे आहे. कायद्याने चालणारे आणि स्वच्छ असे अन्न कुणी खात असेल, तर त्याच्या ताटाचा मान राखला पाहिजे. माळकऱ्याच्या, लिंगायताच्या, जैनाच्या शाकाहारी ताटाचाही तितकाच.

आता मांसाच्या बाजूचा मुख्य मुद्दा : रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि दोन तृतीयांशांहून अधिक लेकरे. ज्वारीची भाकरी, मेथी, तुरीचे वरण यांत लोह आहे. पण धान्यातली आणि डाळींतली फायटेट नावाची द्रव्ये ते लोह बांधून ठेवतात आणि आतड्यांत त्याचा थोडाच अंश शोषला जातो. मांसातले लोह वेगळ्या रूपात असते. त्यातले साधारण १५ ते ३५ टक्के शरीर घेते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मांसाचा छोटा तुकडाही सोबतच्या भाकरी-भाजीतले लोह अधिक शोषले जायला मदत करतो. ब-१२ जीवनसत्त्व तर वनस्पतींत मिळतच नाही. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच येते.

या मुद्द्याची मर्यादाही सांगायला हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम मटणातून पावणेचारच्या आसपास मिळते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठवर आले आहे, तिला मटणाच्या रश्शाने बरे करता येणार नाही. तिला आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या लागतात. गरोदरपणात त्या १८० दिवस घ्यायच्या असतात. जंत असतील तर त्यांचे औषधही लागते. मटण खातो म्हणून गोळ्या सोडल्या, असे कुणी करत असेल तर ते धोक्याचे आहे. पायाच्या सुपाबद्दलही हेच. हाड मोडलेल्या माणसाला ते गरम, पातळ आणि चवीचे अन्न म्हणून बरे वाटते, भूकही लागते. पण हाडातला कॅल्शियम पाण्यात फार थोडा उतरतो. त्यासाठी दूध, दही, नाचणी, तीळ हेच खरे आधार.

मांसाच्या विरुद्ध बाजूचे मुद्देही वजनदार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस तर निश्चित कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्या संस्थेने सांगितले. शेळीचे मांसही लाल मांसच आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला असा, की लाल मांस खायचेच तर आठवड्यात शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅम एवढीच मर्यादा ठेवावी. मराठवाड्यातले सामान्य घर या मर्यादेच्या खूप खाली आहे. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण, नवरात्र पाळणाऱ्या घरात बुधवार-रविवारशिवाय मटण शिजत नाही आणि तेही दर आठवड्याला नाही. धोका आहे तो आखाडात किंवा कंदुरीत एका बैठकीत अर्धा किलो खाणाऱ्याला, महामार्गावरच्या ढाब्यावर रोज बसणाऱ्याला, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा मूत्रपिंडाचा आजार असूनही पथ्य न पाळणाऱ्याला. मूत्रपिंड अधू झालेल्या रुग्णाने प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

शिवाय तक्त्यातल्या १४३ कॅलरी या चरबी कापून, तेलाशिवाय भाजलेल्या मांसाच्या आहेत. आपल्या पातेल्यातले मटण तसे नसते. खाटकाकडून येणाऱ्या किलोभर मटणात हाड असते, वरची चरबी असते, आणि पुष्कळ घरांत ‘चरबी थोडी जास्त टाका’ असे मागून घेतले जाते. त्यात आपली तर्री. अर्धा किलो मटणाला वाटीभर तेल ओतले तर फक्त तेलाच्याच बाराशेच्या आसपास कॅलरी झाल्या. सहा जणांत वाटल्या तरी माणशी दोनशे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेल्या दोन हजार कॅलरींच्या आदर्श ताटात दिवसभराचे तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. ती बहुतेक मर्यादा रविवारच्या एका जेवणातच संपते. मटणाला दोष देणारे पुष्कळ वेळा खरे तर या तेलाला दोष देत असतात, आणि मटणाची भलामण करणारे याच तेलाकडे काणाडोळा करतात.

तिसरा मुद्दा पैशाचा. नांदेड-लातुरात मटण किलोला सातशे रुपयांच्या पुढे गेले आहे. ढोबळ हिशेब मांडला तर शंभर रुपयांच्या मटणात हाड वगळून वीस ग्रॅम प्रथिने पदरात पडतात. त्याच शंभर रुपयांच्या अंड्यांतून नव्वदच्या आसपास, आणि लातूरच्या बाजारातल्या तूरडाळीतून दीडशेच्या आसपास. प्रथिनांसाठी मटण, हा युक्तिवाद मजुरी करणाऱ्या घरात टिकत नाही. डाळ आणि ज्वारी एकत्र खाल्ली की एकीतले उणे दुसरीने भरून निघते, हे विज्ञानाने सांगण्याआधी आपल्या ताटाने मांडले होते. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामागे गोदावरीचे पाणी अडून जो शंकरसागर झाला आहे, त्यातले रोहू-कटलाही मटणापेक्षा स्वस्त पडतात आणि हृदयाला सोसतात. मात्र मटणाचा भाव उतरावा, अशी मागणी करतानाही जपून बोलावे लागेल. तो भाव म्हणजेच शेळी पाळणाऱ्या बाईची मिळकत आहे. खाणाऱ्याला परवडावे आणि पाळणारीलाही परवडावे, या दोन्ही गोष्टी साधायचा एकच रस्ता दिसतो : मटण थोडे शिजवायचे, पण चांगले, आणि ते डाळ-भाजीत मुरवून सगळ्यांना पुरवायचे.

हा रस्ता काही नवा काढायला नको. निजामी राजवटीच्या काळात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, नांदेड हैदराबाद संस्थानात होते आणि त्या काळाने आपल्याला दालचा दिला. लग्नात, कंदुरीत, ईदला बगारा खान्याबरोबर वाढला जाणारा हा पदार्थ आज मेजवानीचा मानला जातो; पण त्याची बांधणी काटकसरीच्या घरासाठीच आहे. पाव किलो हाडांचे मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून कुकरमध्ये मऊ करून घ्यायचे. पाव किलो तूरडाळ किंवा हरभऱ्याची डाळ वेगळी शिजवून घोटायची. दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी, चिंचेचा कोळ, दोन टोमॅटो घालून सगळे एकत्र मंद आचेवर उकळायचे. शेवटी दोन चमचे करडईच्या तेलात जिरे, सुक्या मिरच्या, कढीपत्ता यांची फोडणी. सहा माणसांना माणशी सुमारे पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात, खर्च माणशी चाळीस रुपयांच्या आसपास येतो, आणि मटणाची चव प्रत्येक घासाला लागते. डाळीतले लोह मटणामुळे अधिक शोषले जाते. आहारशास्त्राच्या कसोटीवर याहून शहाणा पदार्थ शोधायला दूर जावे लागणार नाही.

देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजूला तेलंगणाची सोबत आहे. तिथे अंबाडीची भाजी घालून मटण करतात. अंबाडीचा पाला धुऊन, थोड्या तेलात परतून, अर्धवट शिजलेल्या मटणात घालायचा आणि झाकण ठेवून मुरू द्यायचा. आंबट चव आल्यामुळे तेल आणि मीठ दोन्ही कमी लागतात. मेथी-मटण, चुका-मटण हेही त्याच वाटेचे. रस्सा दाट करायला खोबऱ्याऐवजी येसर वापरले तर तेल सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. येसरातले भाजलेले गहू आणि डाळी रश्शाला अंग देतात.

शेळीचे कमी चरबीचे मांस शिजवताना बायसन रांधणाऱ्यांचा एक धडा घेण्यासारखा आहे. चरबी नसलेले मांस मोठ्या आचेवर झटपट केले की चिवट होते. त्याला वेळ आणि ओलावा लागतो. आपल्याकडे यासाठी दही आहे, किसलेली कच्ची पपई आहे, चुलीवरची मंद आच आहे आणि गावोगावी कुकर आहे. मटण विकत घेताना खाटकाला रान किंवा खांद्याचे मांस मागावे, वरची पांढरी चरबी काढून घ्यावी. रस्सा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता आला तर वर गोठलेला थर चमच्याने काढून टाकावा आणि मग उकळी आणावी. वरच्या थरासोबत मसाल्याचा थोडा स्वाद जातो, पण चरबी बरीच कमी होते. तंदूरमध्ये काळे पडेपर्यंत भाजलेले मांस रोज खाऊ नये. करपलेल्या भागात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्ये तयार होतात. कलेजी लोहाने समृद्ध असते, पण तिच्यात अ जीवनसत्त्वही फार असते. म्हणून गरोदर स्त्रीने ती डॉक्टरांना विचारूनच खावी. जेवणात लिंबाची फोड असावी आणि जेवल्यावर तासभर चहा घेऊ नये, कारण चहा लोह अडवतो.

स्वच्छतेकडे दुर्लक्ष करून आरोग्याच्या गोष्टी करता येत नाहीत. मे महिन्यात बेचाळीस अंश तापमानात रस्त्याकडेला तासन् तास टांगलेले मांस कितीही कमी चरबीचे असले तरी आरोग्याचे नाही. नगरपालिका आणि महानगरपालिकांनी स्वच्छ कत्तलखाने, जनावरांची तपासणी आणि विक्रीच्या जागी थंडावा व जाळी यांची सोय करणे हे त्यांचे कर्तव्य आहे. हा खर्च खाटकावर लादून त्याला हाकलून लावण्यापेक्षा त्याला मदत करून सुधारणे शहराच्या हिताचे आहे. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. उस्मानाबादी शेळीची शुद्ध पैदास, करडांचे आजार आणि मांसाची तपासणी या तिन्ही कामांत त्यांचा हात जिल्ह्यातल्या छोट्या पाळणाऱ्यांपर्यंत पोचला पाहिजे. मांसाची मागणी वाढली की चांगल्या पाटी लवकर कापल्या जातात आणि जात हलकी होत जाते. बायसनच्या इतिहासातून एवढे तरी शिकावे, की मागणीच्या भरात जनावराचा पायाच खचू देऊ नये.

शेळ्या माळरान उजाड करतात, हा पर्यावरणाच्या बाजूचा आक्षेप आहे. मोकाट चराईने कोवळी झाडे जातात, हे खरे. पण त्याच शेळीला बांधून सुबाभूळ, शेवरी, हादगा यांचा पाला घातला तर नुकसान टळते आणि लेंडीखत शेतात पडते. ज्या प्रदेशात उसाला पाणी कमी पडते, तिथे थोड्या पाण्यावर जगणाऱ्या जनावराला मोडीत काढणे शहाणपणाचे नाही. आमच्या मते या मुद्द्यावर शेळीची बाजू जड आहे. अट एकच, की ती बांधून पाळली जावी.

आता या सगळ्या चर्चेतला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न : घरात शिजलेले मटण कुणाच्या ताटात जाते? अजूनही अनेक घरांत पुरुष आधी जेवतात, मग मुले, आणि बाई शेवटी. चांगले पीस पहिल्या पंगतीत संपतात आणि पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा भाकरीला लावून ती उठते. रक्त कमी आहे ते तिचे. पाळीत दर महिन्याला लोह जाते ते तिचे. बाळंतपणात झिजते ती तीच. मटणावर लोहासाठी पैसे खर्च करायचे आणि ते ज्याला लोहाची सर्वांत कमी गरज आहे त्याच्या ताटात वाढायचे, यात न्यायही नाही आणि हिशेबही नाही. वाढायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांचे वाटे लावावेत, मुलीला मुलाइतके आणि सुनेला सासऱ्याइतके पीस मिळावेत, एवढा एक बदल घराघरांत झाला तर कोणत्याही परदेशी मांसापेक्षा त्याचा गुण अधिक येईल.

हेच तत्त्व शासनालाही लागू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा अन्य फळ, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला आणि लोकसहभागातून सोय करावी असे सुचवले गेले. ज्या वाडी-तांड्यांवर लोकसहभाग देण्याइतके लोकांकडे काही नाही, तिथेच अंड्याची गरज सर्वाधिक आहे. अंड्याला विरोध करणाऱ्या पालकांच्या भावनांचा मान केळीच्या पर्यायाने राखला गेला होता. कुणावर सक्ती नव्हती. सहा-सात रुपयांच्या एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळते. पैशाच्या हिशेबात मटण हरते तिथे अंडे जिंकते. किनवट-माहूरसारख्या आदिवासी भागांसाठीच्या अमृत आहार योजनेत अंड्याचे महत्त्व शासनाने स्वतःच मान्य केले आहे. मग बाकीच्या लेकरांनी काय अपराध केला? तो निधी पुन्हा सुरू झाला पाहिजे, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

तर तोल कुठे साधतो? शाकाहारी घराने आपली परंपरा सोडायची गरज नाही. दूध-दही, डाळ-ज्वारी, मोड आलेली कडधान्ये, लिंबू आणि गरजेप्रमाणे गोळ्या यांनी त्यांचे भागते. फक्त ब-१२ ची तपासणी अधूनमधून करून घ्यावी. मांसाहारी घराने अभिमान किंवा लाज दोन्ही बाजूला ठेवून आठवड्यात एक-दोनदा, माणशी शंभर ग्रॅमच्या आत, चरबी कमी करून, डाळीत किंवा पालेभाजीत शिजवलेले मटण खावे. एका बैठकीत अर्धा किलो खाऊन महिनाभर काहीच न खाण्यापेक्षा हे शरीराला अधिक मानवते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने डॉक्टरांचे ऐकावे आणि मासे-अंड्याकडे वळावे. वसतिगृहातल्या मुलाने परदेशी मांसाची आणि महागड्या पावडरींच्या डब्यांची स्वप्ने पाहण्याआधी दोन उकडलेली अंडी, वाटीभर वरण आणि मूठभर शेंगदाणे रोज पोटात जातात का, हे पाहावे. मेस चालवणाऱ्यांनी रविवारच्या तेलकट रश्शाच्या जागी दालचा करून पाहावा. त्यांचा खर्चही कमी होईल.

विष्णुपुरीतल्या संस्थांकडूनही आमची अपेक्षा आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मराठवाड्याच्या आणि शेजारच्या तेलंगणाच्या गावांतून रक्तक्षयाच्या स्त्रिया येतात. त्यांना गोळ्यांबरोबर घरच्या भाषेत आहाराचा सल्ला मिळावा : तुमच्या घरात जे शिजते त्यातूनच काय, किती आणि कशासोबत खायचे, आणि सासूला व नवऱ्याला सोबत बसवून हेही सांगायचे, की पहिला वाटा हिचा. विद्यापीठाने आपल्या वसतिगृहांच्या खाणावळींसाठी प्रथिनांचे आणि तेलाचे साधे निकष ठरवून ते भिंतीवर लावावेत. मांस खावे की खाऊ नये, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा आणि ऐपतीचा प्रश्न राहील. पण जे अन्न घरात येते त्यातला योग्य वाटा सर्वाधिक गरज असलेल्या माणसाला मिळतो की नाही, हा सगळ्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायला आजच्या संध्याकाळच्या पंगतीपासून सुरुवात करता येते.